उबेची साक्ष

केप ब्रेटन, कॅनडा
२ डिसेंबर १९८६

कॉर्लिस पोरी,

तुझ्या बापाचा पाय कसा आहे ते आधी कळव, बाकी सगळं नंतर. चौसष्टीचा झाला तरी चुकलेल्या चार मेंढ्यांपायी हा माणूस नोव्हेंबरात एकटा डोंगरात जातो. तुमची आई गेल्यावर तुम्हा दोघी बहिणींना मी वाढवलं, पण खरं तर वाढवायला हवा होता तो हा माझा भाऊ.

रूलन बिशपचा फोन आला तेव्हा लाइन खरखरत होती. तरी कळायचं ते कळलं. एल्मो बर्फात हरवला, मंडळींनी एकत्र गुडघे टेकले, रूलनला आतून स्पष्ट जाणवलं कुठे जायचं ते, माणसं निघाली आणि माझा भाऊ जिवंत हाती लागला. मी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. ती बिचारी मला चहा देऊ लागली. आम्ही चहा पीत नाही हे विसरूनच गेली.

आणि ऐक. त्याच दिवशी मीही इथे प्रार्थना करत होते आणि माझ्या छातीत ती ऊब पसरली. कसली ते तुला सांगायला नको. तू स्वतः पेरू देशात धर्मप्रचाराला गेली होतीस, लोकांना तीच ओळखायला शिकवत होतीस. तेव्हाच मला कळलं, एल्मो वाचणार.

इथे धर्मप्रचाराला आलेल्या आम्हा मॉर्मनांना कुणी दारातही उभं करत नाही. पण मोराग गिलिस नावाची एक विधवा आहे, पक्की कॅथलिक. नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. तिला मी एल्मोची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “तुमच्या देवाने तुमच्या माणसांना बरोबर जागा सांगितली?” मी म्हटलं, हो. तेव्हापासून ती दर रविवारी येते. फेब्रुवारीत तिचा बाप्तिस्मा ठरलाय.

तेव्हा सगळं सविस्तर लिही, मी इथे वाचून दाखवीन. आणि जानेवारीच्या उपासाच्या रविवारी तू उठून सगळ्यांसमोर साक्ष दे, आपला धर्म खरा आहे हे ‘मला माहीत आहे’ म्हणून. एल्मोच्या घरातून कुणीतरी उठायलाच हवं. जूनमध्ये टेकडीवरच्या मंदिरात तुझ्या बहिणीचं लग्न आहे, जोलेन आणि डॅरलची अनंतकाळची गाठ बांधतील, तेव्हा आईच्या जागी तू असणार आहेस. तुझा मंदिराचा परवाना संपत आला असेल. वेळेत नवा करून घे, त्याशिवाय मंदिरात पाऊल टाकू देत नाहीत.

तुझी,
व्हर्ला आत्या


विलोफोर्क, युटा
१४ डिसेंबर १९८६

प्रिय आत्या,

बाबांचा उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला. बाकी ते बरे आहेत. नर्सशी भांडतात, म्हणजे नक्कीच बरे आहेत.

तू सविस्तर लिही म्हणालीस. जसं घडलं तसं लिहिते. वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

बाबा हरवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ थांबलं. सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमले होते, बायका सँडविच बांधत होत्या. बाबा गेले असतील अशा घळी दोन होत्या, उत्तर घळ आणि काळी घळ. त्या बर्फात माणसं दोन्हीकडे वाटून चालणार नव्हतं. रूलन म्हणाले, गुडघे टेकू या. सगळ्यांबरोबर प्रार्थना झाल्यावर मी रविवारी जिथे मुलांना शिकवते त्या खोलीत एकटी गेले आणि विचारलं, कुठे?

आणि आलं, आत्या. गळ्याखालून सुरू होऊन सगळ्या छातीत भरलं. डोळ्यांना पाणी, पण मन अगदी शांत. आणि त्या शांततेत दोनच शब्द, उत्तर घळ. चौदा वर्षांची असताना मी आपलं धर्मपुस्तक उशाशी ठेवून विचारलं होतं, हे खरं आहे का, तेव्हा जे आलं तेच हे. त्याच्यासारखं नव्हे, तेच.

बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आत रूलन म्हणाले, “उत्तर घळ.” मी म्हटलं, “मलाही.” दोघांना वेगवेगळं एकच उत्तर आलं म्हटल्यावर हॉलमध्ये लोक रडायलाच लागले. सगळी माणसं उत्तरेला गेली आणि अंधार पडेपर्यंत शोधत राहिली.

बाबा काळ्या घळीत होते.

त्यांना दुसऱ्या दिवशी स्टेलिओसने शोधलं. डोंगरापलीकडचा ग्रीक मेंढपाळ, तू ओळखतेस त्याला, तू भाजलेल्या ॲपल पायला नावं ठेवणारा. आमचे लोक पुन्हा उत्तरेलाच निघाले होते, तेव्हा तो कुत्री घेऊन एकटा दुसऱ्या बाजूला गेला. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आणला असता तर पाय राहिला असता.

कुणी कुणाला बोल लावला नाही. रविवारी रूलन म्हणाले की प्रार्थना ऐकली गेली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ऑर्गनवर बसले होते. पुढचं भजन मी चुकीच्या पट्टीत सुरू केलं.

दवाखान्यात मी स्टेलिओसला विचारलं, तू तिकडेच का गेलास? तो म्हणाला, त्याच्या संताने त्याची बाही ओढली. मी विचारलं, दर वेळी ओढतो का? “ओढतो की,” तो म्हणाला. “मलाच कधीकधी नीट कळत नाही. गेल्या साली एका मेंढीसाठी त्याने ओढलं तसा गेलो. उन्हाळ्यात तिची हाडं भलतीकडेच सापडली.” आणि हसला. त्याची श्रद्धा एवढ्यातेवढ्याने हलत नाही. पण मला सांग, त्याची ओढ खरी ठरली आणि माझी ऊब खोटी. आता मी ग्रीक चर्चमध्ये जाऊ का?

जानेवारीत मी उठणार नाही. “मला माहीत आहे” हे वाक्य मी ज्या जोरावर म्हणत होते, त्याच जोरावर मी पन्नास माणसं चुकीच्या घळीत पाठवली.

तुझी,
कॉर्लिस


केप ब्रेटन
३ जानेवारी १९८७

कॉर्लिस,

तुझं पत्र वाचून मी ते बायबलखाली ठेवून दिलं. प्रचारात माझ्या जोडीला दिलेली सिस्टर फार चौकस आहे.

तू दमली आहेस, घाबरली आहेस, हे मी समजू शकते. पण शिकलेल्या पोरींना एक खोड असते, एक टाका उसवला की अख्खी रजई उसवून बसतात. तुला त्या दिवशी आलं ते आत्म्याचं सांगणं नव्हतंच. बाप हरवलेल्या मुलीच्या जिवाची ती तगमग होती. उत्तरेची वाट सोपी, म्हणून मन तिकडे धावलं. पितळ चमकतं म्हणून कुणी सोनं टाकून देत नाही. चौदाव्या वर्षी आलेलं सोनं होतं.

आणि एल्मो वाचला की नाही? देवाने आपल्या माणसांकडून नाही, त्या ग्रीकाकडून काम करून घेतलं. कुणाच्या हातून करायचं ते तो ठरवेल, विलोफोर्कच्या शाळेतली मास्तरीण नाही.

हे सगळं मोरागला सांगायची मला काही गरज दिसत नाही. तिचा बाप्तिस्म्याचा पांढरा पोशाख शिवून झालाय. ती आता रस्त्यात भेटली की हसते, पूर्वी मान खाली घालून जायची. तुझ्या शंकेपायी मी तिच्या तोंडचं हसू काढून घेऊ?

आणि जोलेनचा विचार कर. परवान्याच्या मुलाखतीत विचारतात, तुझ्यापाशी साक्ष आहे का? तिथे प्रवचन देत बसू नकोस. हो म्हणायचं आणि सही घ्यायची. बहिणीच्या लग्नात बाहेर उभी राहणार आहेस का?

व्हर्ला आत्या


विलोफोर्क
२० जानेवारी १९८७

प्रिय आत्या,

सोनं आणि पितळ तू म्हणतेस, ठीक. पण ओळखायचं कसं, ते आधी सांग. बाबा उत्तर घळीत सापडले असते तर त्याच उबेला तू सोनं म्हणाली असतीस आणि गावोगाव सांगितली असतीस. नाही सापडले, म्हणून ती जिवाची तगमग झाली. निकाल लागल्यावर कस लावायचा, याला पारख म्हणत नाहीत. आणि आपलं धर्मपुस्तक खरं की नाही, याचा निकाल तर या जन्मी लागायचाच नाही. तिथे मला कोण येऊन सांगणार की पाय काढावा लागला?

तू म्हणशील, पोरगी हट्टाला पेटली. पेटले आहे. पण विश्वास टाकला असं मी कुठेच लिहिलेलं नाही. दर रविवारी ऑर्गन वाजवते, मुलांना शिकवते, प्रार्थनाही करते. फक्त माहीत नसलेलं माहीत आहे म्हणणार नाही.

बाबांना मी विचारलं, त्या घळीत तुम्हाला काय जाणवलं? ते म्हणाले, “थंडी.” मी म्हटलं, तसं नाही, प्रार्थना केलीत तेव्हा. मग म्हणाले, “काही नाही. सारखी करत होतो. ना ऊब, ना आवाज. वाटलं, कुणी ऐकत नाही. तरी करत राहिलो, कारण दुसरं बोलायला कुणी नव्हतं.” आणि वर मला म्हणाले, हे व्हर्लाला लिहू नकोस, तिला वाईट वाटेल. मी लिहिते आहे, कारण त्यांची श्रद्धा मला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त धड वाटते.

मोरागबाईंचं हसू काढून घे असं मी म्हणत नाही. पण न घडलेल्या गोष्टीवर तू तिला पाण्यात उतरवणार आहेस. तिने सरळ प्रश्न विचारला होता, बरोबर जागा सांगितली का? तू हो म्हणालीस. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, आता आहे. तिला सांग.

कॉर्लिस


केप ब्रेटन
१६ मार्च १९८७

पोरी,

इतके दिवस लिहिलं नाही. राग होता, खोटं कशाला बोलू. तुझ्यावरचा राग लवकर गेला. पण एल्मोने मला कळू नये म्हणून लपवलं, याचा फार दिवस टिकला. लहानपणी तो विहिरीत पडला होता तेव्हाही मला सांगू नका म्हणाला होता.

बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात मी मोरागकडे गेले. जोडीच्या सिस्टरला बाहेरच्या खोलीत मोरागच्या मांजरापाशी बसवलं. मोराग ओट्याशी मासे साफ करत होती. मी म्हटलं, मी तुला सांगितलेली गोष्ट तशी घडली नाही, आणि जशी घडली तशी सांगितली. उत्तर घळ, काळी घळ, ग्रीक, त्याचा संत, पाय. तुझंही सांगितलं, तुला काय जाणवलं ते.

तिच्या हातातली सुरी थांबली. मला वाटलं, आता दार दाखवते.

ती खुर्चीत बसली आणि तिने मला तिच्या नवऱ्याचं सांगितलं. लॉकी त्याचं नाव. वादळात होडी आली नाही तेव्हा ती चर्चमध्ये मरियमेपुढे बसली होती आणि तिला आलं, कॉर्लिस. तेच. डोक्यावर कुणी ऊन हात ठेवावा तसं, आणि आतून खात्री की तो परत येतोय. ती धावत धक्क्यावर गेली. तिथे उभ्या बायकांना ओरडून सांगितलं की रडू नका, ते येतायत. घरी जाऊन सगळ्या खलाशांसाठी स्वयंपाक केला. एकही आला नाही. त्या बायका अजून तिच्याशी धड बोलत नाहीत.

“मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे,” ती म्हणाली. “देवाचा आवाज बाकीच्यांना नीट येतो, मलाच फसवा आला. म्हणून तुमच्याकडे आले. म्हटलं, यांच्याकडे खरा येतो.” मग तिने माझा हात धरला, माशाच्या खवल्यांसकट. “म्हणजे तुमच्या मास्तरणीलाही तसंच झालं. देवाला भिणाऱ्या, नीट वागणाऱ्या पोरीला.” आणि ती रडली. मी तिला इतके महिने ओळखते, पण असं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं.

बाप्तिस्मा तिने घेतला नाही. पांढरा पोशाख घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, रविवारी येईन, भजनं आवडतात, पण पाण्यात उतरायला मला उबेपेक्षा काहीतरी जास्त हवंय. मिशनचे अध्यक्ष माझ्यावर नाराज आहेत. मी त्यांना म्हटलं, एक माणूस कमी झाला असेल, पण एका बाईच्या छातीवरचा दगड उतरला, तो कुठल्या रकान्यात लिहायचा ते तुम्ही बघा.

माझ्या उबेवर माझा विश्वास आहे, पोरी. तो जायचा नाही, या वयात मी दुसरा कुठून आणू? पण ती माझी आहे. दुसऱ्याच्या गळ्यात घालायला ती पुरावा नाही, एवढं मला त्या ओट्यापाशी कळलं.

मुलाखतीचं काय झालं?

आत्या


विलोफोर्क
१२ एप्रिल १९८७

प्रिय आत्या,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “व्हर्लाने असं केलं?” आणि कुबड्या घेऊन अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

मुलाखती झाल्या. आधी रूलन. धान्याच्या दुकानामागच्या त्यांच्या खोलीत आम्ही बसलो. बाकी प्रश्नांना मी सरळ हो म्हटलं. साक्षीच्या प्रश्नाला म्हटलं, “मला आशा आहे. मी त्या आशेवर जगते. पण माहीत आहे असं म्हणता येत नाही.” ते म्हणाले, हो म्हण ना गं, सगळेच म्हणतात. मी म्हटलं, “तुम्हालाही उत्तर घळ आली होती.”

आत्या, त्यांनी हातातली टोपी टेबलावर ठेवली. म्हणाले, रोज सकाळी दुकान उघडताना एल्मोचा पाय डोळ्यांपुढे येतो, आणि मंडळींपुढे प्रार्थनेनंतर ‘मला जाणवतंय’ म्हणायला जीभ उचलत नाही. मग त्यांनी सही केली. “माझ्यासाठी आशा पुरे,” म्हणाले.

पण त्यांच्या वरच्या, विभागाच्या अध्यक्षांचीही सही लागते. भला माणूस आहे. अर्धा तास माझ्याशी सौम्यपणे बोलले. त्यांनी सांगितलं की साक्ष देता देताच सापडते, आधी म्हणायचं, मग खात्री येते. मी म्हटलं, हॉलमध्ये मी तेच केलं होतं. त्यांनी कागद मिटला आणि म्हणाले, तयार झालीस की ये, दार उघडं आहे.

जोलेनला सांगितलं तेव्हा ती पदार्थांचं ठरवत होती, बटाट्याचा कॅसरोल की हॅम. तिने पेन खाली ठेवलं. “एक शब्द होता, कॉर्लिस. हो. एवढाच.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. डॅरलकरवी निरोप देते. मी तिला दोष देत नाही. आई नाही, तू नाही, आणि आता मीही त्या खोलीत नसणार. रोज वाटतं, जावं आणि म्हणून टाकावं. मग बाबांच्या कुबड्यांचा आवाज येतो.

मी म्हणणार नाही.

कॉर्लिस


केप ब्रेटन
९ मे १९८७

कॉर्लिस,

गडबडीत चार ओळी. तू लिही म्हटलं नाहीस तरी मी त्या अध्यक्षांना पत्र लिहायला बसले होते. फाडून टाकलं. तुझी लढाई तू लढते आहेस, मध्ये माझं नाक कशाला.

जोलेनला मात्र लिहिलंय. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही.

आता माझं ऐक. लग्नाच्या दिवशी घरी बसायचं नाही आणि मोटारीत लपूनही बसायचं नाही, चोरी केल्यासारखं. तो निळा पोशाख घाल, केस नीट कर आणि मंदिराच्या दाराशी बैस. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तू दिसली पाहिजेस आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकालाही. कुणी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर हवापाण्याचं बोल.

मोरागने जोलेनला लग्नात घालायला लोकरीचे मोजे विणलेत. जूनमध्ये. पण विणलेत.

आत्या


विलोफोर्क
२१ जून १९८७

प्रिय आत्या,

लग्न झालं. काल.

तू सांगितलंस तसंच केलं. निळा पोशाख, केस वर बांधले, आणि दाराशेजारच्या दगडी कठड्यावर बसले. ऊन कडक होतं. आत जाताना डॅरलच्या मावशीने मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. रूलनच्या बायकोने वाकून गालाचा मुका घेतला आणि आत गेली. बाबा नवीन लाकडी पाय घालून आले होते. दाराशी थांबून म्हणाले, “मी बाहेर बसू का तुझ्याबरोबर?” मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे, आत जा. तर म्हणाले, “दोन मुली आहेत मला.” मी त्यांना जवळजवळ ढकललं.

थोड्या वेळाने स्टेलिओस आला. त्याला तर आत जायचा प्रश्नच नाही. संध्याकाळच्या जेवणासाठी त्याने अख्खं कोकरू भाजायला घेतलं होतं. त्याच्या अंगाला धुराचा आणि लसणाचा वास येत होता. शेजारी बसून थर्मासमधली कॉफी प्यायला लागला, मंदिराच्या दारात. मी म्हटलं, इथे नको. त्याने निमूटपणे टोपण लावलं आणि मग आम्ही मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत बसलो. मला फार बरं वाटलं.

दार उघडलं आणि जोलेन एकटीच बाहेर आली. फोटोवाला खाली मांडामांड करत होता, डॅरल मागे कुणाशी तरी बोलत थांबला होता. स्टेलिओस उठून कोकरू बघायला गेला. मला वाटलं, ती माझ्यासमोरून निघून जाईल. ती पांढऱ्या पोशाखासकट त्या धुळीच्या कठड्यावर माझ्या शेजारी बसली. दोन महिन्यांनंतर.

चेहरा पांढराफटक होता. मी विचारलं, काय झालं? तिने आधी मागे दाराकडे पाहिलं.

“मला आत काहीच वाटलं नाही,” ती म्हणाली. “सगळे रडत होते. डॅरल रडत होता. सगळे सांगत होते, त्या खोलीत स्वर्ग उतरतो, तुला कळेल. मी वाट बघत होते. बूट चावत होते आणि मला वाटत होतं, तू बाहेर उन्हात बसली आहेस. बाकी काही नाही. कॉर्लिस, याचा अर्थ मी चूक केली का? हा माणूस चुकीचा आहे का?”

बघ आत्या. ज्या बहिणीला आत घेतलं नाही, तिलाच येऊन ती हे विचारत होती, कारण आत असलेल्या कुणाला विचारण्याची सोय नव्हती. क्षणभर माझ्या मनात आलं की आता हिला पटेल, आता मी बरोबर ठरले. त्याची मला लगेच लाज वाटली.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “मला ऊब आली होती आणि मी चुकले. तुला आली नाही, म्हणून तू चुकलीस असं थोडंच होतं? बाबांना घळीत काहीच जाणवलं नाही, तरी माणसं येतच होती. डॅरल मेंढ्यांना पाणी पाजायला पहाटे उठतो का?”

“उठतो.”

“तू आजारी होतीस तेव्हा आला होता का?”

“रोज.”

“मग ते धर. छातीचं सोड.”

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. निळ्या पोशाखावर पावडरीचा डाग पडला, तो निघायचा नाही. मग डॅरल बाहेर आला, घाबरून इकडेतिकडे तिला शोधत. तिने डोळे पुसले, उठली आणि माझाही हात ओढला. फोटोवाला म्हणाला, आधी फक्त मंदिरातले पाहुणे घेऊ या. जोलेन त्याला म्हणाली, “ही माझी बहीण आहे. ही मधे उभी राहील.” आणि मी हलेपर्यंत ती हलली नाही.

मोरागबाईंना सांग, मोजे तिने कालच घातले. जूनमध्ये.

पुढच्या उपासाच्या रविवारी मी उठणार आहे. मला जेवढं माहीत आहे तेवढंच म्हणेन. फार वेळ लागणार नाही.

तुझी,
कॉर्लिस